‘तिंग’ची गोष्ट

काही शब्द इतके साधे असतात की ते शब्द आहेत हेच आपण विसरून जातो. इंग्रजीतला ‘थिंग’ त्यांपैकीच एक. एखाद्या वस्तूचं नाव आठवेना, एखाद्या विचाराला नाव सापडेना, की इंग्रज माणूस ‘थिंग’ म्हणून मोकळा होतो. घरातल्या माळ्यासारखा हा शब्द आहे. त्यावर काहीही टाकावं, मावतं.

या शब्दाचा एक सख्खा भाऊ उत्तर युरोपात, स्कँडिनेव्हियात राहतो. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तिन्ही देशांत त्याला ‘तिंग’ म्हणतात. तिथंही त्याचा रोजचा अर्थ वस्तू, चीज, बाब असाच आहे. पण गंमत पुढेच आहे. नॉर्वेच्या संसदेचं नाव आहे ‘स्टोर्टिंग’, म्हणजे मोठं तिंग. डेन्मार्कची संसद म्हणजे ‘फोल्केटिंग’, लोकांचं तिंग. आइसलँडमध्ये याच शब्दाचा जुना उच्चार ‘थिंग’ असा टिकून आहे आणि तिथल्या संसदेला ‘अल्थिंगी’ म्हणतात, सर्वांचं थिंग. आता संसदेला ‘मोठी वस्तू’ किंवा ‘लोकांची चीज’ असं कोण कशाला म्हणेल?

याचं उत्तर असं, की सभा हाच या शब्दाचा जुना अर्थ आहे. वस्तू हा अर्थ मागाहून आला.

मग सभेला तरी तिंग का म्हणत? बहुतेक अभ्यासकांच्या मते या शब्दाच्या मुळाशी ‘काळ’, ‘ठरलेली वेळ’ हा अर्थ आहे. गॉथिक ही जर्मानिक कुळातली, आता लोप पावलेली भाषा. तिच्यात ‘थेइह्स’ म्हणजे काळ. काही अभ्यासक आणखी मागे जातात आणि ‘ताणणं, पसरणं’ अशा अर्थाच्या एका धातूपाशी पोचतात. आपल्या संस्कृतातला ‘तन्’ धातू त्याच घराण्यातला. तंतू त्यातूनच आला आणि गवयाची तानही त्यातूनच. या हिशेबानं तिंग म्हणजे आधी लांबलेला काळ, मग नेमलेला दिवस. नेमलेल्या दिवशी माणसं जमत, म्हणून जमण्यालाच तिंग म्हणू लागले. जमल्यावर ज्या तंट्याचा निवाडा व्हायचा, ज्या प्रश्नावर बोलणं व्हायचं, तो प्रश्नही तिंग झाला. पुढं कुठलीही बाब म्हणजे तिंग. आणि सरतेशेवटी खुर्ची, कुऱ्हाड, दगड, जे हातात धरता येतं ते सगळंच तिंग.

हा प्रवास ऐकायला विचित्र वाटतो खरा, पण आपल्या मराठीनं तो स्वतः केलेला आहे. संस्कृतात ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा, आपला गोठा. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे जमलेली मंडळी आणि त्यांचं बोलणं. हिंदीत आजही कवी जमले की त्याला काव्यगोष्ठी म्हणतात. मराठीत या गोष्ठीची ‘गोष्ट’ झाली. आजी सांगते ती गोष्ट, ‘दोन गोष्टी बोलायच्या होत्या’ यातलीही गोष्ट आणि ‘बाजारातून तीन गोष्टी आणायच्या आहेत’ यातलीही गोष्टच. सभेतून बोलणं, बोलण्यातून बाब आणि बाबीतून वस्तू. तिंग ज्या वाटेनं गेला, अगदी त्याच वाटेनं आपली गोष्ट गेली. दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

आणि हे दोघंच आहेत असंही नाही. लॅटिनमध्ये ‘काउसा’ म्हणजे खटला, कारण. त्यातून फ्रेंचांचा ‘शोज’ आणि इटालियनांचा ‘कोझा’ आला. दोन्हींचा अर्थ आज वस्तू असा आहे. जर्मन भाषेतला ‘झाखे’ हाही आधी तंटा, दावा होता, आज वस्तू आहे. ज्या फारसी शब्दाशी माझं कवी म्हणून नातं आहे, तो ‘दिवाण’ घ्या. दिवाण म्हणजे आधी नोंदवही. मग नोंदवह्या ठेवण्याची कचेरी, मग सल्लामसलतीचा दरबार. शायराच्या गझलांचा संग्रह म्हणजेही दिवाण. दरबारात भिंतीलगत बसायची लांब गादीची बैठक असे, तीही दिवाण. आज आपल्या बाहेरच्या खोलीत ज्यावर पाहुणा पाठ टेकतो, तो लाकडी दिवाण तिथून आलेला आहे. भरलेला दरबार होता होता फर्निचर होऊन बसला!

इतक्या भाषांनी वेगवेगळं राहून हाच रस्ता धरावा, यात मला काही अर्थ दिसतो. माणसं ज्याविषयी एकत्र बसून बोलतात, तेवढंच त्यांच्यासाठी आधी ‘आहे’ होतं. बोलणं आधी, वस्तू नंतर.

तिंगचे दोन्ही अर्थ आज एकाच घरात नांदतात. मग घोटाळा होत नाही का? होत नाही, कारण व्याकरणानं सोय केली आहे. नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांत वस्तू या अर्थाचा तिंग एका लिंगात चालतो आणि सभा या अर्थाचा तिंग नपुंसकलिंगात. आपल्याला हे समजावून सांगायला नको. ‘किती वेळ लागला’ म्हणताना आपला वेळ पुल्लिंगी असतो आणि ‘माझ्यावर ती वेळ आली’ म्हणताना स्त्रीलिंगी. शब्द तोच, अर्थाची चाल वेगळी. स्वीडिश माणूस ‘नोगोनतिंग’ म्हणजे काहीतरी, ‘इंगेनतिंग’ म्हणजे काहीच नाही आणि ‘अल्तिंग’ म्हणजे सगळं, असं दिवसातून कितीदा तरी म्हणतो. हा ‘अल्तिंग’ आणि आइसलँडची संसद ‘अल्थिंगी’ एकाच दोन तुकड्यांचे बनलेले आहेत. एकीकडे त्यांची बेरीज ‘सगळं’ अशी होते, दुसरीकडे ‘सगळे’ अशी.

आता ही जुनी सभा होती तरी कशी, ते पाहू. त्यासाठी आइसलँडलाच गेलं पाहिजे. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून आलेली माणसं या बेटावर वस्तीला लागली. इथं राजा नव्हता, सैन्य नव्हतं, पोलीस नव्हते. तंटे मात्र होते. इ. स. ९३०च्या सुमाराला त्यांनी सगळ्या बेटाची मिळून एक सभा सुरू केली. जागा निवडली ती थिंगवेल्लिर, म्हणजे शब्दशः थिंगचं मैदान. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट जिथं एकमेकांपासून दूर सरकत आहेत, नेमक्या त्या भेगेत हे मैदान आहे. एका बाजूला लाव्हारसाची उंच काळी भिंत, समोर नदी आणि तळं. त्या सभेला पाया होता तो दुभंगत जाणाऱ्या जमिनीचा!

दर उन्हाळ्यात साधारण दोन आठवडे ही सभा भरे. माणसं घोड्यांवरून दिवसच्या दिवस प्रवास करून येत. दगडमातीच्या भिंती उभारून वर कापड ताणत आणि त्यात मुक्काम ठोकत. खटले चालत, सोयरिकी जमत, व्यापारी माल मांडत, कवी कविता म्हणत. आपल्या जत्रेचंच रूप. मधोमध एक खडक होता, त्याचं नाव ‘कायद्याचा खडक’. त्यावर उभा राहून बोलणारा एक अधिकारी असे. त्याच्या पदाच्या नावाचाच अर्थ ‘कायदा सांगणारा’ असा होतो. आपण त्याला कायदेवाचक म्हणू. पण वाचायला समोर काही नव्हतं. सुरुवातीची जवळजवळ दोन शतकं तिथला कायदा लिहिलेलाच नव्हता. कायदा या माणसाला तोंडपाठ असे. त्याची नेमणूक तीन वर्षांसाठी. दर उन्हाळ्यात त्यानं कायद्याचा एकतृतीयांश भाग सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानांवरून जाई. इ. स. १११७च्या हिवाळ्यात कायदा कातड्यावर उतरवायला सुरुवात झाली, तोवर तो माणसांच्या जिभेवर जगला.

ज्या समाजात कुराण तोंडपाठ असलेल्या हाफिजांना आणि वेद मुखोद्गत असलेल्या घनपाठींना मान आहे, त्याला पाठांतराचं बळ कळतं. पण इथं पाठांतरामागं आणखी एक गोष्ट होती. कायदा ऐकण्यासाठी लोकांना जमावं लागे. घरी बसून तो मिळत नसे.

या खडकावरून घडलेला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. सन ९९९ किंवा १०००. आइसलँडवर जुने देव मानणारे लोक होते आणि नव्यानं ख्रिस्ती झालेलेही. नॉर्वेचा राजा धर्मांतरासाठी दबाव आणत होता. सभेत दोन तट पडले. दोघांनीही एकमेकांचा कायदा नाकारला, रक्तपात समोर दिसू लागला. तेव्हा ख्रिस्ती पक्षाच्या पुढाऱ्यानं निर्णय सोपवला तो कायदेवाचक थोर्गेइर याच्यावर. थोर्गेइर स्वतः जुन्या देवांचा होता. तो आपल्या मुक्कामी गेला, अंगावर पांघरूण ओढून आडवा झाला आणि दिवसभर, रात्रभर कुणाशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खडकावर आला. एका देशात दोन कायदे झाले तर शांतता उरणार नाही, अशा आशयाचं बोलला. आपण जो निकाल देऊ तो दोन्ही बाजू मान्य करतील, असं वचन त्यानं आधी घेतलं. मग निकाल दिला. सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. मात्र घोड्याचं मांस खाण्यासारख्या काही जुन्या चाली चालू राहतील आणि कुणी घरात गुपचूप जुन्या देवांची पूजा केली तर ती चालेल, फक्त साक्षीदार मिळता कामा नये.

सुमारे सव्वाशे वर्षांनी आरी थोर्गिल्सन या इतिहासकारानं हा प्रसंग लिहून ठेवला. त्या सवलती काही वर्षांतच काढून घेतल्या गेल्या, हेही त्यानंच नोंदवलं. निकाल न्याय्य होता का, यावर वाद घालता येईल. ज्याचे देव गेले त्याला तो न्याय वाटला नसणार. पण मला त्या माणसाचं मौन महत्त्वाचं वाटतं. आपल्याच श्रद्धेविरुद्ध निकाल द्यायचा होता आणि तो देताना हरणाऱ्यांसाठी घराच्या आत एक कोपरा राखून ठेवायचा होता. पांघरुणाखाली त्यानं काय सोसलं असेल, हे कुठल्याही पोथीत नाही.

या सभेला आदर्श लोकशाही ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. बोलण्याचा हक्क स्वतंत्र पुरुषांना होता आणि निर्णय मोठ्या जमीनदार सरदारांच्या हाती. गुलामांना तिथं आवाज नव्हता. स्त्रियांना मतही नव्हतं आणि पदही. आणि निकाल दिला तरी त्याची अंमलबजावणी करणारं सरकार नव्हतं. जिंकलेल्यानं आपल्या बळावर ती करायची. सगळ्यांत कडक शिक्षा असे ती वाळीत टाकण्याची, म्हणजे कायद्याच्या छपराबाहेर काढण्याची. अशा माणसाला कुणीही मारावं, दाद नाही. यातली सौम्य शिक्षा तीन वर्षांच्या हद्दपारीची. एरिक द रेड नावाच्या भांडखोर माणसाला एका स्थानिक थिंगनं ती फर्मावली. तो पश्चिमेला निघाला आणि ग्रीनलँडच्या किनाऱ्यांवर फिरून आला. त्या बर्फाळ भूमीला ‘हिरवी भूमी’ असं नाव त्यानंच दिलं, लोकांनी वस्तीला यावं म्हणून.

थिंगवेल्लिरला आज पर्यटक जातात. तिथं नदीत एक खोल डोह दाखवतात, त्याचं नावच ‘बुडवण्याचा डोह’ आहे. आइसलँड परकी राजांच्या ताब्यात गेल्यावर आणि सोळाव्या शतकात कडक कायदे आल्यावर व्यभिचार किंवा बालहत्या अशा आरोपांखाली स्त्रियांना या डोहात बुडवून मारलं गेलं. अशा अठरा स्त्रियांची नोंद सापडते. जिथं सगळे जमत, तिथंच हेही झालं. शब्दाचा इतिहास सांगताना त्याची ही बाजू गाळली, तर आपण फक्त कौतुक करून परतू.

हा शब्द व्हायकिंगांच्या जहाजांतून दूरवर गेला. स्कॉटलंडमधलं डिंगवॉल, शेटलंड बेटांवरचं टिंगवॉल, लिव्हरपूलजवळचं थिंगवॉल ही सगळी गावं म्हणजे ‘सभेचं मैदान’. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटाच्या संसदेचं नाव ‘टिनवाल्ड’ हेही तेच. तिथं दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला, बहुधा पाच तारखेला, एका पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर सभा भरते आणि नव्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि बेटाच्या मँक्स भाषेत मोठ्यानं सांगितला जातो. अठरा महिन्यांत अशी जाहीर घोषणा झाली नाही, तर तो कायदा रद्द होतो. त्या दिवशी कुणीही नागरिक टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपलं गाऱ्हाणं देऊ शकतो. कायदा लोकांच्या कानांवर पडला पाहिजे, हा जुना आग्रह तिथं अजून जिवंत आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ १८८३ साली एक दगडी वेदी सापडली. रोमन सैन्यातल्या फ्रिसियन शिपायांनी तिसऱ्या शतकात ती ‘मार्स थिंक्सस’ या देवाला वाहिली होती. मार्स म्हणजे आपला मंगळ आणि थिंक्सस म्हणजे थिंगचा, सभेचा. जर्मन भाषेत मंगळवारला ‘डीन्सटाग’ म्हणतात, तो याच नावावरून आला असं मानतात. युद्धाचा देव आणि सभेचा रक्षक एकच! लोक तेव्हा शस्त्रं घेऊनच सभेला येत. शस्त्र हाती असतानाही बोलून निकाल लावायचा, हीच त्या सभेची खरी परीक्षा होती.

या परीक्षेचं एक अलीकडचं उदाहरण स्वीडनमध्ये आहे. तिथल्या कार्लस्टाड शहराचं, ते शहर होण्याआधीचं, नाव होतं तिंगवाला, म्हणजे पुन्हा तिंगचं मैदान. १५८४ साली ड्यूक कार्लनं शहराची सनद दिली आणि नाव बदललं. १९०५ साली नॉर्वेनं स्वीडनबरोबरचं संयुक्त राज्य मोडलं. दोन्हीकडं सैन्य सज्ज झालं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी दोन्ही देशांचे प्रतिनिधी वाटाघाटींसाठी जमले ते कार्लस्टाडमध्ये. तीन आठवडे बोलणी झाली, मध्ये ती फिसकटायला आली होती, पण २३ सप्टेंबरला करार ठरला. गोळी न झाडता एका राज्याची दोन राज्यं झाली. जिथं कधीकाळी शेतकरी तंटे घेऊन बसत, त्याच जागी दोन देशांनी आपला तंटा मिटवला.

बाहेर ठेवलेल्यांसाठीही तिंगची दारं हळूहळू उघडली. नॉर्वेत १९१३ साली आणि डेन्मार्कमध्ये १९१५ साली स्त्रियांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला. नॉर्वेच्या उत्तरेला रेनडिअर पाळणारा, मासेमारी करणारा सामी हा आदिवासी समाज आहे. त्यांच्या मुलांच्या तोंडची भाषा शाळांनी कित्येक दशकं दाबून टाकली होती. त्या समाजाची स्वतःची निवडून दिलेली सभा १९८९ साली कारास्योक इथं सुरू झाली. नॉर्वेजियन भाषेत तिचं नाव आहे ‘सामेटिंग’. ज्यांना वर्तुळाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी स्वतःचं तिंग भरवलं.

खुद्द आइसलँडची सभा १८०० साली बंद झाली होती. १८४५ साली ती रेक्याविकला पुन्हा सुरू झाली. पण १७ जून १९४४ रोजी देशाचं प्रजासत्ताक जाहीर करायची वेळ आली, तेव्हा लोक गेले ते थिंगवेल्लिरलाच. भर पावसात, त्या भेगेत, त्या खडकापाशी.

इंग्रजी ‘थिंग’नं जुना उच्चार राखला आणि सभा विसरली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कनं उच्चार सोडला आणि सभा राखली. आपल्या ‘गोष्टी’नंही गोष्ठी मागं टाकली, पण बोलणं राखलं. हा वारसा लहान नाही. गल्लीतलं पाणी असो, शेताचा बांध असो की दोन माणसांतलं मौन, त्याची गोष्ट झाली पाहिजे, म्हणजे त्याविषयी चार माणसांनी एकत्र बसून बोललं पाहिजे. कविता लिहिताना मला हे रोज जाणवतं. वहीतली कविता ही नुसती वस्तू असते. चार माणसं जमतात, कुणी दाद देतं, कुणी मान हलवतं, कुणी भांडतंसुद्धा, तेव्हा तिची गोष्ट होते.

आज आपल्या घरांत वस्तू पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतल्या काही तर इंटरनेटला जोडलेल्या असतात आणि आपापसात निरोपही देतात. माणसांनी जमण्याचे, ठरल्या वेळी समोरासमोर बसून बोलण्याचे, न पटणाऱ्याचं ऐकून घेण्याचे प्रसंग तेवढे वाढलेले दिसत नाहीत. ज्या शब्दानं सभेपासून वस्तूपर्यंत हजार-दीड हजार वर्षांची वाट तुडवली, तो आपल्याला उलटी वाटही दाखवतो. समोरच्या वस्तूकडं बघावं आणि विचारावं, हिच्याविषयी आपण शेवटचं कधी, कुणाबरोबर बसून बोललो?